पेंटरांनी न रंगवलेला कोट

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या बसथांब्यावर पेंटरांचा फ्लेक्स लागला. वर मोठ्या अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खालच्या पट्टीत गावातल्या तेरा-चौदा तरुणांचे हात जोडलेले फोटो आणि मधोमध पेंटर. पांढरा शर्ट, लाल टाय, काळा कोट. चेहरा आधारकार्डावरून उचलून त्या कोटाच्या गळ्यात बसवला होता आणि इतका उजळवला होता की मी जैनथहून ऑटोने येऊन उतरलो तेव्हा मला वाटलं, निवडणूक लागली की काय.

मला राग आला. चारचौघांत मी सहसा आवाज चढवत नाही, पंचवीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस आहे. त्या दिवशी चढवला. फ्लेक्स बांधणाऱ्या पोरांत दोघे माझे जुने विद्यार्थी होते. त्यांना विचारलं, या माणसाच्या अंगावर कोट कुणी पाहिला होता? बाह्या कापलेला सदरा आणि रंगाने कडक झालेला पायजमा, याशिवाय दुसरा कपडा कुणी पाहिला होता? जन्मभर उन्हात शिडीवर उभा राहून काळा झालेला माणूस, त्याला तुम्ही मेल्यावर गोरा केलात? पोरं खाली मान घालून ऐकत राहिली. शेवटी एक जण हळूच म्हणाला, “सर, कोटात मोठा मानूस वाटते. आमी वाईट काय केलं?”

यावर मी आणखी दहा मिनिटं बोललो. मग घरी आलो, पाणी प्यायलो आणि खुर्चीत बसलो. खुर्चीच्या समोरच्या भिंतीवर माझ्या वडिलांची तसबीर आहे. वडील कोटात आहेत.

तो कोट मी चढवलेला आहे, पेंटरांनी काढलेल्या चित्रावर, पेंटरांना न विचारता. त्या पोरांनी एक फोटो बिघडवला. पेंटरांच्या घरी आणखी दोन-चार असतील. माझ्या वडिलांचा जगात तो एकच चेहरा होता. हे सांगितल्याशिवाय पेंटरांविषयी एक ओळही लिहिण्याचा मला हक्क नाही, म्हणून आधी सांगून टाकलं.

गावात लहानथोर त्यांना पेंटरच म्हणत. पाठीमागे ‘येडा पेंटर’. घरं रंगवणं हा त्यांचा धंदा. शिवाय दारं-खिडक्या, शाळांच्या भिंती, दुकानांच्या पाट्या. पाट्या मराठी, तेलुगू आणि उर्दू, तिन्ही लिपींत लिहायचे. उर्दू वाचता येत नसे, पण वळण असं की जुन्या कचेरीतले म्हातारे कारकून थांबून पाहत. सायकलच्या एका अंगाला शिडी बांधलेली, हँडलला रॉकेलचा जुना डबा, डब्यात ब्रश, आणि डब्याच्या कडीला दोरीने टांगलेला काचेचा एक ग्लास. सायकल खड्ड्यात गेली की ग्लास वाजे आणि गल्लीला कळे की पेंटर आले.

त्या ग्लासाची गाव थट्टा करी. त्याची हकीकत फारच थोड्यांना माहीत होती. तरुणपणी एका मोठ्या घरी काम करताना त्यांना चहा आला तो कान तुटलेल्या कपात. तो कप गोठ्यातल्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे, आमच्या मोहल्ल्यातल्या माणसांसाठी. पेंटरांनी चहा मातीत ओतला, कप विसळून कोनाड्यात ठेवला, काम पुरं केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते आपला ग्लास घेऊन फिरू लागले. पुढे सगळीकडेच त्या ग्लासात घ्यायचे, आमच्याकडेही. एकदा माझी बायको रागावली, की आपण एका समाजाचे, आपल्या घरी तरी कपात घ्या. ते म्हणाले, “सूनबाई, कोनाच्या घरी कपात घ्याचा अन् कोनाच्या घरी नाई, हे मंग ध्यानात ठिवा लागंल. तेवढी जागा नाई माह्या डोक्शात.”

भिंत रंगवायला घेण्याआधी ते तिला गाल लावून उभे राहत. डोळे मिटून, मिनिटभर. मग निकाल सांगत. “हिले अजून घाम हाय. आठ दिवसानं येतो.” आणि शिडी सायकलला बांधून निघून जात. मग घरात लग्न असो की साखरपुडा. आमच्या भागातली काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि भिंतीतून वर चढवते, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. पण रंगाच्या वेळी कुणाला आठवत नाही. कापसाच्या एका मोठ्या कास्तकाराने अशाच वेळी त्यांना घालवून दिलं आणि आदिलाबादहून दुसरे रंगारी आणले. पावसाळ्यात त्या बंगल्याच्या भिंतींचे पोपडे सुटले. तर गावाने काय म्हणावं? पेंटरची नजर लागली. भिंत ओली आहे हे सांगणारा एकटा माणूस, आणि भिंत ओली निघाल्यावर दोष त्याचाच. त्यानंतर दोन वर्षं निम्म्या गावाने त्यांना घरात पाऊल टाकू दिलं नाही.

दुकानातून आणलेलं शेडकार्ड पुढे केलं की ते हात मागे घेत. पोपटवाल्याच्या चिठ्ठ्या म्हणत त्याला. स्वतः डब्यात रंग कालवून चारही भिंतींवर तळहाताएवढे ठिपके देत आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारत, कोणता बरा वाटतो. घरधनी बाजूला चडफडत उभा. त्यावर पेंटरांचं म्हणणं असं की तू दिवसभर वावरात असतो, भिंतीकडे पाहायचं तिला आहे.

कापडावर चित्रंही काढत, त्या रंगाला तेल जवसाचं वापरत, आणि तेच तेल भाकरीबरोबर खात. तेलघाणीवरून आणलेल्या एकाच बाटलीतून अर्धं रंगात आणि अर्धं चटणीवर. “जे पोटाले चालते ते कापडाले चालते,” असं त्यांचं शास्त्र होतं.

आमच्या शाळेची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. शाळेच्या व्हरांड्यातल्या भिंतीवर पेंटरांनी जिल्ह्याचा नकाशा काढला होता, फार सुंदर. पैनगंगा त्यांनी रंगवली होती गढूळ, दुधाच्या चहासारखी, कारण ती तशीच असते. तपासणीला एक अधिकारी आले. नकाशासमोर थांबून म्हणाले, “ये क्या है? नदी नीला रहना.” पेंटर तिथेच शेजारच्या खोलीचं दार रंगवत होते. ते शांतपणे म्हणाले, साहेब, नदी इथून लांब नाही, चला, दाखवतो. साहेब हसले, मग आम्ही मास्तरही हसलो. आठवड्याने दुसरा रंगारी येऊन नदी निळी करून गेला. त्याला डबा धरून मी दाखवलं, इथून इथपर्यंत. मुलं सुट्टीत तीच नदी ओलांडून मामाच्या गावाला जायची आणि परीक्षेत निळी रंगवायची. मी त्यांना पूर्ण गुण द्यायचो.

आता वडिलांच्या चित्राकडे येतो.

माझ्या वडिलांच्या पिढीतल्या आमच्या शेतमजुरांचे फोटो नाहीत. दुसऱ्याच्या वावरात राबले आणि गेले. कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याचा प्रसंगच आला नाही. पुढे त्यांची मुलं मास्तर झाली, कारकून झाली, त्यांनी पक्की घरं बांधली, आणि हॉलच्या भिंतीवर काय लावायचं हा प्रश्न आला. अशा घरांसाठी पेंटर एक काम करत, ज्याला ते ‘चेहरा गोळा करणं’ म्हणत. सगळ्या नातेवाइकांना बोलवायचं. नाक कुणाकडे उतरलं आहे, कान कुणाकडे, हनुवटी कुणाकडे, ते ठरवून एकेकाला समोर बसवायचं. ज्यांनी मेलेल्या माणसाला डोळ्यांनी पाहिलं असेल त्यांनीच बोलायचं. बाकीच्यांनी आपलं नाक घेऊन गप्प बसायचं. पाहिलेल्या सगळ्यांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय एकही रेघ पक्की होत नसे. एका घरात दोन भाऊ बापाच्या कपाळावरून भांडले, तर पेंटर कापड गुंडाळून घरी निघून गेले आणि भावांनी समेट केल्याचा निरोप आल्यावर तीन महिन्यांनी परत आले. फोटो असलेल्या घरी मात्र जात नसत. फोटू हाय तर मी कायले, म्हणत.

माझे वडील जैनथकडच्या एका शेतकऱ्याकडे सालगडी होते. मी नऊ वर्षांचा असताना कापूस वेचणीच्या दिवसांत दोन दिवसांच्या तापाने गेले. धाकटी बहीण तेव्हा पाळण्यात होती. मी घर बांधलं त्याच वर्षी आई वारली. तिचा आधारकार्डावरचा फोटो मोठा करून लावला आणि शेजारी जागा मोकळी राहिली. म्हणून पेंटरांना बोलावलं.

वडिलांना नीट पाहिलेली दोनच माणसं उरली होती, मी आणि माझी आत्या. ती नार्नूरहून दोन बस बदलून आली आणि चित्र होईपर्यंत दोन महिने राहिली. नाक चुलतभावाकडून आलं, हनुवटी बहिणीकडून, कान माझे. डोळे आत्याचे. तिला स्वतःचे डोळे दिसणार कसे, म्हणून पेंटरांनी तिच्या हातात आरसा दिला. ती आरशात पाहायची, कापडाकडे पाहायची आणि सांगायची, दादाचे आणखी खोल होते, पापणी जड होती. पेंटर पुसायचे, पुन्हा काढायचे. मांजरपाटाला सरस आणि खडूचा हात देऊन त्यांनी ते कापड स्वतः तयार केलं होतं. पुसून पुसून त्यावर ढग जमले.

माझ्याकडून त्यांना निराळंच हवं होतं. तो कसा दिसायचा, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मालकाने मागून हाक मारली तर आधी मान वळायची की अंग? जेवण झाल्यावर हात कशाला पुसायचा? मी आठवून सांगितलं की मान वळायची, हनुवटी खांद्याला टेकायची, आणि तोंड किंचित उघडं असायचं, कारण पुढचा एक दात बैलाच्या धक्क्याने पडला होता. त्याच वेळी डाव्या भुवईला शिंग लागून खोक पडली होती. पेंटर मान डोलवत राहिले. शेवटी जो माणूस कापडावर आला तो बनियनमध्ये होता, खांद्यावर दुपट्टा, रंग काळाभोर. कुणीतरी हाक मारली म्हणून वळून बघत होता आणि आता काहीतरी बोलणार होता.

आत्या त्याच्यासमोर जमिनीवर बसली. मला वाटलं रडेल. तिने भांडायला सुरुवात केली. तू गेला अन् मले कोनी माहेरी बोलावलं नाई, पोरीच्या लग्नात तुहा पाट रिकामा व्हता, असं बराच वेळ. मग उठून म्हणाली, “आता आला तर राह्य इथंसा.”

त्या दिवशी कुणीही मोबाईलवर फोटो काढला नाही. चित्रच घरात आहे, त्याचा फोटो कशाला, असं वाटलं. कोट घातल्यावर मात्र आम्ही पन्नास काढले.

महिन्याभरात मुलीचं लग्न जुळायच्या गोष्टी सुरू झाल्या. मुलगा मंचेरियलचा, कोळसा खाणीच्या ऑफिसात चांगल्या हुद्द्यावर; वडील तिथूनच निवृत्त झालेले. मला रोज शाळेतून आल्यावर ते चित्र दिसायचं. बनियन दिसायचं, उघडं तोंड दिसायचं. मी पेंटरांना बोलावून म्हणालो, पेंटरभाऊ, याले एक कोट घालता येईल का?

“कोनाचा?”

“कोनाचा म्हंजे? त्याचाच.”

“त्याच्यापाशी व्हता?”

मी म्हणालो, नव्हता, म्हणूनच म्हणतो. जिवंतपणी अंगाला लागला नाही, आता तरी लागू द्या. आपल्या माणसांसाठी कोट ही हौस नाही, मान आहे. ज्यांना धड सदरा घालू दिला नाही त्यांच्या पोरांनी बापाला कोट घातला तर चुकलं कुठे? हे वाक्य मी घरी तयार करून ठेवलं होतं. आजही मला ते खोटं वाटत नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर खरंच असतं.

पेंटरांनी आधी चित्राकडे पाहिलं, मग दरवाजाकडे. मग म्हणाले, “हे खरं असतं तर मी घातला असता, गुरुजी. कापड बी चांगलं देल्लं असतं. पन तुमी बोलले तवा बापाकडे नाई पाह्यलं, दरवाजाकडे पाह्यलं. कोन येनार हाय?”

ते गेल्यावर मी फार चिडलो. हा कोण मला सांगणार, बाप माझा, भिंत माझी. त्याच रागात दुसऱ्या दिवशी चित्र कापडात गुंडाळून आदिलाबादला एका फोटो-फ्रेमच्या दुकानात नेलं. दुकानदार हाताने रंगकामही करायचा. भला माणूस होता, प्रत्येक गोष्ट विचारून करत होता. कोटावर चेहरा उठून दिसायला रंग जरा उजळ करू का? मी म्हणालो, करा. तोंड बंद करू? करा. मान सरळ घेऊ? घ्या. भुवईवरची ही खोक बुजवू? इथे मी थांबलो. दुकानाबाहेर रस्त्यावर काहीतरी पाहत उभा राहिलो. मग म्हणालो, बुजवा.

जवसाचं तेल सुकायला वेळ घेतं, म्हणून दिलेलं चित्र पाहायला पेंटर दोनेक महिन्यांनी न सांगता येत. तसे आले. मी कोट घालून आणला त्याला तीनच दिवस झाले होते. ते चित्रासमोर उभे राहिले. ओरडतील म्हणून मी वाट पाहत होतो. ओरडले असते तर मलाही ओरडता आलं असतं. त्यांनी कॉलरच्या टोकाला नख लावून पाहिलं, नखाचा वास घेतला.

“वरचं कच्चं हाय, खालच्यानं धरलं हाय,” ते म्हणाले. “आठ दिवसांत माह्या घरी आना. टर्पेंटाइनच्या फडक्यानं वरचं निंघून जाईन, खाली तुमचा बाप तसाच सापडंन. त्याच्यानंतर दोन्हीचं एक होईन. मंग खरवडलं तर दोन्ही जाईन.”

चहा न घेताच गेले. पाहुणे साखरपुड्याला दहाव्या दिवशी येणार होते. बायको म्हणाली, चित्र देऊन टाका त्यांच्याकडे, पाहुण्यांपुरता आईचा एकटीचा फोटो राहू द्या. इतकी सोपी गोष्ट होती ती. मी म्हणालो, पाहुणे जाऊ दे, मग नेतो. रंग काय दोन दिवसांत दगड होत नाही. मी मास्तर आहे, मला आठ आणि दहा यांतला फरक कळत नव्हता असं नाही.

पाहुणे आले. साधी, मोकळी माणसं होती. व्याह्यांनी दोन्ही तसबिरींसमोर हात जोडले आणि विचारलं, “बाबा कुठं होते नोकरीला?”

मी म्हणालो, “गिरदावराच्या कचेरीत.” गिरदावर म्हणजे महसुलाचा अधिकारी; आमच्याकडे निजामाच्या काळापासून या शब्दाला वजन आहे.

आत्या दोनच दिवसांपूर्वी साखरपुड्यासाठी नार्नूरहून आली होती. दोन्ही दिवस तिची लगबग स्वयंपाकघरात, आणि हॉलमधली तसबीर मी हाराने अर्धी झाकलेली; हार पाहुणे यायच्या आधी बाजूला केला. तिने ती नीट पाहिली नव्हती. आता ती पदर सावरत बाहेर आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि वर पाहत राहिली.

“बाबू,” ती म्हणाली, “हा कोन व्हय रे?”

सगळे आमच्याकडे पाहायला लागले. मुलगी ट्रे घेऊन दारात उभी होती. मी हसलो आणि व्याह्यांना म्हणालो, “आत्याले दिसत नाई आताशा बरोबर.”

त्याच सकाळी तिने माझ्या बायकोच्या ब्लाउजाला हूक लावताना सुईत दोरा स्वतः ओवला होता. तिने माझ्याकडे पाहिलं. वडिलांच्या चित्रासाठी दोन महिने आरशात पाहून दिलेले ते डोळे होते. मग म्हणाली, “व्हय बापा. नाई दिसत.” आणि आत जाऊन पानं वाढायला घेतली. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने नार्नूरला गेली.

लग्न झालं, मुलगी सुखात आहे. पुढे एकदा व्याही गप्पांत म्हणाले की त्यांचे वडील खाणीत कोळसा भरायचे. चेहरा कायम काळा, जन्माचा नाही, कोळशाचा. त्यांचा एकही फोटो नाही. तुमच्याकडे निदान बाबांची तसबीर तरी आहे, म्हणाले. मी मान डोलावली. माझा खरा बाप त्या भिंतीवर असता तर हा माणूस त्याच्यासमोर माझ्यापेक्षा जास्त वेळ उभा राहिला असता. ज्यांची धास्ती घेऊन मी हे केलं त्यांना त्याची गरजच नव्हती. मग कुणाची गरज होती? मी जगाला बोल लावायला निघालो की दर वेळी फिरून याच प्रश्नापाशी येतो. वावराच्या मालकाने माझ्या वडिलांना मजूर ठेवलं, ते त्याचं पाप. त्यांचा मजूर असलेला चेहरा माझ्या हॉलमध्ये नको होता, ते माझं.

पुढच्या उन्हाळ्यात आत्या गेली. मधल्या काळात मी एकदाही नार्नूरला गेलो नव्हतो. तिचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून आलो आणि दुसऱ्याच दिवशी तसबीर उतरवली, चादरीत बांधली, ऑटोत मांडीवर घेऊन पेंटरांच्या घरी गेलो.

ते अंगणात लिंबाखाली खाटेवर बसले होते. गुडघे गेल्यामुळे शिडी सुटली होती. चित्र उघडून पाहिलं, आठ दिवस कुठे गेले, असं विचारलं नाही. फडकं भिजवून कोटाच्या कोपऱ्यावर घासलं. काळा रंग आला, त्याच्यामागोमाग बनियनचा पांढरा आला, आणि मग नुसता मांजरपाटाच्या विणीचा धागा दिसायला लागला. त्यांनी हात थांबवला.

“आनखी पाह्यचं का?”

मी नाही म्हणालो. मग विनवायला लागलो, की पुन्हा काढून द्या, तुम्ही एकदा काढला आहे, तुमच्या तर ध्यानात असेल. ते म्हणाले, “चेहरा देल्ला का मी सोडून देतो, गुरुजी. एवढे मेलेले मानसं ध्यानात ठिवून जगता येते का?” मग विचारलं, “पाह्यलेलं कोन हाय आता?”

“मीच.”

“मंग सांगा.”

त्यांनी चित्र लिंबाच्या खोडाला, खोडाकडे तोंड करून टेकवलं. “मले दिसू नाई,” म्हणाले. कागद आणि कोळसा घेतला. मी खुणा सांगितल्या: डाव्या भुवईला खोक, पुढचा दात पडलेला, कान माझ्यासारखे. ते म्हणाले, हे झालं पोलिसांनी हुलिया लिहिल्यासारखं. आता डोळे मिटा आणि जे दिसते ते सांगा. मी डोळे मिटले. आणि मला बरं वाटलं, कारण वडील लगेच दिसले. अगदी स्पष्ट. ते विचारत गेले, मी सांगत गेलो. मान? सरळ. कपाळ? रुंद, गुळगुळीत. ओठ? मिटलेले, थोडे रुंद. नजर? समोर, माझ्याकडे. कोळसा कागदावर फिरत असल्याचा आवाज येत होता. इतकं भराभर आणि न अडखळता मी पहिल्या वेळी सांगितलं नव्हतं.

“पाहा,” ते म्हणाले. “हा का?”

मी डोळे उघडले. ओळख पटली, भरून आलं, आणि मी म्हणालो, “हो. हाच.”

पेंटरांनी वाकून खोडाला टेकवलेलं चित्र वळवलं आणि कागद त्याच्या शेजारी धरला. भुवईला खोक तेवढी होती, मी सांगितली म्हणून. बाकी दुकानदाराने केलेला तोच माणूस होता. फक्त कोट रेखाटायचा राहिला होता.

मी पुन्हा डोळे मिटले. मालकाने मागून हाक मारली, कापसाच्या ओळीतून कुणीतरी वळलं. पण वळून पाहणारा तोच गोरा, मिटल्या तोंडाचा माणूस होता. दुसरं कुणी येईना.

“मंग घरी हाय त्योच ठिवा, गुरुजी,” पेंटर म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच मला सहन होत नव्हतं. “माह्यापाशी त्याच्याहून येगळा कोनी नाई.”

मी चित्र चादरीत बांधायला घेतलं. मला गाठ बसेना. ती त्यांनी मारून दिली.